बऱ्हाणपूरच्या फलाटावर

गेल्या जानेवारीत आम्ही भाच्यासमवेत चार दिवस बऱ्हाणपूरास जाऊन आलो. मोगलांच्या वेळचे ते प्राचीन नगर एकदा डोळ्यांनी पाहावे, हा आमचा हेतू होता. भाच्याचा हेतू निराळा. त्यास आगगाड्यांची छायाचित्रे काढण्याचा नाद आहे. हा नाद आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस विचित्र वाटेल, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही तो विचित्रच वाटत असे. ज्या गाडीत बसून मनुष्याने इच्छित स्थळी पोहोचावयाचे, ती गाडी समोरून निघून जाऊ द्यावयाची आणि आपण शेतात उभे राहून तिच्याकडे पाहत बसावयाचे, ह्यात कोणता पुरुषार्थ? परंतु त्या चार दिवसांत आमचे मत थोडे बदलले, आणि त्यास कारण झाले एक वृद्ध रेल्वे कामगार.

भुसावळ सोडले की गाडी तापीच्या पुलावरून पलीकडे जाते. मग सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा अशी स्थानके येतात. दोहों बाजूंस केळीच्या बागा इतक्या दाट की, डब्याच्या खिडकीतून कित्येक मैल पानांखेरीज दुसरे काही दिसू नये. डाव्या हातास दूरवर सातपुड्याची निळसर रेघ सोबत करीत असते. महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश केव्हा लागला, हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. माणसे तीच, बागा त्याच, आणि बोलण्यातली मराठीही पुष्कळ अंशी तीच. भुसावळपासून पन्नासेक किलोमीटरांवर बऱ्हाणपूर येते. स्थानक लालबाग भागात आहे, आणि जुने शहर तेथून काही अंतरावर तापीच्या काठी.

आम्ही उतरलो ते भाच्याच्या मित्राच्या घरी. मित्राचे वडील, ज्यांना सारी आळी नाना म्हणते, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचे काम कीमॅनचे होते. रूळ ज्या चाव्यांनी व बोल्टांनी खालच्या पाटांस घट्ट धरून ठेवलेले असतात, त्या चाव्या रोज चालत जाऊन तपासावयाच्या, सैल झाली असेल ती हातोड्याने ठोकावयाची, रूळ कोठे तडकला आहे काय ते पाहावयाचे, असे हे काम. ऊन असो, पाऊस असो, आपल्या वाट्याची लांबी पायांखालून घालावयाचीच. नानांनी हे छत्तीस वर्षे केले.

त्यांच्या ओसरीवर एक जुने, चौकटीत बसविलेले छायाचित्र टांगले होते. वाफेचे इंजिन धुराचा प्रचंड लोट सोडीत येत आहे. ऊन इंजिनाच्या तोंडावर आणि बाजूवर अगदी सारखे पडलेले. चाकांस जोडणारा लांब दांडा नेमका खाली आलेला. भाचा त्यापुढे कितीतरी वेळ उभा राहिला. नाना हळूच म्हणाले, “उजव्या कडेला बघा. हिरवी झेंडी धरलेला हात दिसतो ना? तो हात माझा.”

खरोखरच चौकटीच्या अगदी कडेस कोपरापासून पुढचा एक हात आणि एक झेंडी एवढेच दिसत होते. वाफेच्या इंजिनांचे दिवस सरत आले, तेव्हा देशोदेशींचे हौशी लोक त्यांची छायाचित्रे काढण्यास हिंदुस्थानात येत असत. अशाच कोणा परदेशी गृहस्थाने हे काढले होते आणि सौजन्याने एक प्रत पाठविलीही होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीतले, कामावर असतानाचे नानांचे एवढेच छायाचित्र घरात आहे.

भाच्याने रात्री आम्हांस ह्या छंदाचे व्याकरण समजावून सांगितले. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागे, खांद्यावरून येणारा असावा. गाडी अगदी समोरून नव्हे, अगदी बाजूनेही नव्हे, तर तिरपी दिसावी, म्हणजे तिचे तोंडही दिसते आणि लांबीही. वाफेचे इंजिन असेल तर दांडा खाली आलेला असावा, कारण तो वर असला की चाके झाकली जातात. इंजिनाच्या माथ्यातून तारेचा खांब उगवल्यासारखा दिसू नये. कोणाचीही सावली गाडीवर पडू नये.

“ह्या सर्व कसोट्यांस नानांच्या ओसरीवरचे चित्र उतरते काय?” आम्ही विचारले.

“तंतोतंत उतरते, मामा,” तो म्हणाला, “फक्त नाना त्यात नाहीत.”

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे नाना आम्हांस घेऊन निघाले. येथे रूळ साधारणपणे नैऋत्येकडून ईशान्येकडे जातात. म्हणून भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर सकाळचे ऊन येते, आणि परत येणाऱ्या गाडीच्या तोंडावर दुपारनंतरचे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगानेच फिरतो, तेव्हा उभे राहावयाचे ते रुळांच्या शहराकडील बाजूस. ह्यातले अर्धे भाच्यास पुस्तकांवरून ठाऊक होते. उरलेले नानांनी न विचारता सांगितले. कोणत्या वळणावर दहा वाजता झाडाची सावली रुळावर येते, आणि दव कोठे उशिरापर्यंत राहते, हे त्यांच्या पायांस माहीत होते. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या संमतीने आम्ही केळीच्या बागेच्या बांधावर, रेल्वेच्या हद्दीबाहेर उभे राहिलो.

पहिली गाडी आली आणि गेली. चित्रात इंजिनाचे नाक कापले गेले होते. दुसरी आली तेव्हा नेमकी त्याच क्षणी अलीकडच्या रुळावर मालगाडी आडवी आली. तिसरीच्या वेळी विजेच्या तारांचा खांब बरोबर चालकाच्या खिडकीसमोर. आम्हांस हसू आवरेना. तथापि भाच्याने जो हिशेब सांगितला, तो ऐकून हसू मावळले. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात तीस मीटरांहून अधिक पुढे सरकते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती उघडली, तरी तेवढ्यात गाडी सहा सेंटिमीटर गेलेली असते. साठाव्या भागापुरती उघडली तर अर्धा मीटर. पापणी लवण्यापूर्वीच सारे आटोपते. म्हणून चांगले चित्र काढणारा गाडी आल्यावर काही ठरवीत नाही. त्याचे ठरविणे तासभर आधी संपलेले असते.

येथे थोडे मागे जावयास हवे. आपल्या देशात १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी धावली, आणि लगोलग सह्याद्री चढण्याचे काम निघाले. बोरघाटाचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल ह्या इंग्रज गृहस्थाने घेतले. पण १८५९ साली येथे येताच अल्पावधीत त्याचा मृत्यू झाला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. पंचवीस बोगद्यांचे हे काम १८६३ साली पुरे झाले. त्या बांधकामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह ह्या अ‍ॅलिसबाईंच्या नावावर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या काळी काचेच्या ओल्या पट्टीवर छायाचित्र घेत, आणि त्यास कित्येक सेकंद लागत. धावत्या गाडीचे चित्र घेण्याची सोयच नव्हती. म्हणून आपल्याकडील आगगाडीची ती आरंभीची छायाचित्रे खडकांची, कमानींची व अर्धवट भरावांची आहेत, आणि त्यांत माणसे दिसतात ती स्तब्ध उभी राहिलेली. जो हलला तो पुसट झाला. ज्या हजारो मजुरांनी तो घाट फोडला, त्यांतील बहुतेक पटकी, ताप आणि दरडी ह्यांच्या तोंडी राबत होते. स्थिर उभे राहावयास त्यांना सवड कोठली?

पुढे चित्रेच हलू लागली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यात स्थानकात येणाऱ्या गाडीचे एक दृश्य होते. तोही कॅमेरा फलाटाच्या कडेस, तिरपाच ठेवलेला. भाच्याच्या व्याकरणाचा पहिला धडा तेथेच सापडतो.

दुपारी आम्ही शहर पाहिले. शाही किल्ला पाहिला. जामा मशिदीत अरबीबरोबर कोरलेला संस्कृत लेख पाहून आम्हांस फार नवल वाटले. आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा पाहून तर त्याहून अधिक. माव्याची जिलेबीही खाल्ली. तिच्याविषयी अधिक लिहिल्यास विषयांतर होईल. शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१ साली ह्याच गावी बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादेस तिचा देह प्रथम पुरला, आणि मागाहून आग्र्यास नेला. ह्यावरून भाच्यास एक प्रसिद्ध छायाचित्र आठवले. स्टीव्ह मॅककरी ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९८३ साली आग्र्यास काढलेल्या त्या चित्रात पुढे कळकट वाफेचे इंजिन आहे आणि त्याच्या मागे धुक्यासारखा तरंगणारा ताजमहाल. इंजिनाच्या पुढल्या भागी दोन माणसे आहेत. भाचा म्हणतो, तीच नसती तर ते केवळ एक सुंदर भेटकार्ड झाले असते.

ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच कादंबरीकाराची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी कथा आमच्या काही वाचकांनी वाचली असेल. तीतील प्रवाशांची गाडी दुपारी साडेबारास बऱ्हाणपूरला थांबते, आणि नोकर पासपार्तू तेथे खोट्या मोत्यांनी मढविलेल्या सपाता विकत घेतो! व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याच्या कथेत पुढे रूळ अर्धवट राहिल्याने प्रवाशांना हत्तीवरून जावे लागते. प्रत्यक्षात मुंबई ते अलाहाबाद हा मार्ग मार्च १८७० मध्येच सलग झाला होता. न पाहिलेल्या गावाची कादंबरी अशी लिहिता येते. न पाहिलेल्या गावाचे छायाचित्र मात्र काढता येत नाही. त्यासाठी थंडीत उठून बांधावर उभेच राहावे लागते.

थंडीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पंजाब मेल येथून मध्यरात्रीनंतर जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली ही गाडी. तिच्यासाठी भाच्याने आम्हांस अंथरुणातून उठविले. फलाटावर चादरी पांघरून निजलेली कुटुंबे, चहाच्या किटलीची वाफ, आणि दूरवर सिग्नलचा एकच तांबडा ठिपका. भाच्याने झगझगीत दिव्यास हात लावला नाही. चालकाचे डोळे दिपतील असे काही करावयाचे नाही, हा त्याचा दंडक. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक ह्या गृहस्थाने १९५५ ते १९६० ह्या काळात शेवटच्या वाफेच्या गाड्यांची रात्रीची चित्रे घेतली, ती असंख्य दिवे एकदम उजळवून. पण त्यास त्या रेल्वे कंपनीचे पूर्ण साहाय्य होते. त्याच्या एका विख्यात चित्रात उघड्यावरच्या सिनेमागृहात मोटारीत बसून एक तरुण जोडपे पडद्यावरचे विमान पाहत आहे, आणि मागून आगगाडी धडधडत निघाली आहे. दिव्यांच्या झोतात पडद्यावरचे विमान फिके पडले, म्हणून ते दुसऱ्या चित्रातून मागाहून बसविले. ह्यास लबाडी म्हणावे की कारागिरी, ह्यावर मामा-भाच्यांचे एकमत झाले नाही.

मेल गेल्यावर नानांनी एक गोष्ट सांगितली, ती येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. आजकाल तरुण मुले हातातला फोन उंच धरून, येत्या गाडीकडे पाठ करून आपलेच छायाचित्र काढतात. गाडीचा डबा रुळाच्या बाहेर दोन्ही अंगांस सुमारे अडीच फूट आलेला असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. रुळापासून दूर आहो असे वाटते, तेथेच डबा येऊन लागतो. शिवाय विजेची गाडी वाफेच्या गाडीसारखी दुरून वर्दी देत नाही. विनापरवाना रुळांवर जाणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वये गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

“कायद्याचे राहू द्या,” नाना म्हणाले, “मी ती पोरं रुळावरून उचलली आहेत. चादर आम्हांलाच आणावी लागते.” एवढे बोलून ते गप्प झाले, आणि घरी येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसले असता धुळघाटची गोष्ट निघाली. खांडव्याहून अकोल्यास जाणारा मीटर गेजचा मार्ग स्वातंत्र्यानंतर पुरा झाला. तो मेळघाटच्या अरण्यातून जात असे, आणि धुळघाटाजवळ चढ तोडण्यासाठी रूळ एक वेढा घेऊन स्वतःवरूनच पलीकडे जात. तुकईथड वगैरे ह्याच भागातील गावांस ती गाडी म्हणजे बाजार, दवाखाना आणि माहेर होती. २०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी तो मार्ग बंद झाला, आणि व्याघ्र प्रकल्पास धक्का लागू नये म्हणून नवा मार्ग अरण्याबाहेरून नेण्याचे ठरले. धुळघाटच्या वेढ्यावरून आता गाडी जात नाही. हौशी लोकांनी वेढ्याची चित्रे पुष्कळ काढून ठेवली आहेत. परंतु त्या गाडीतून टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायांची किती असतील?

आपल्या रुळांचेही तसेच व्हावयाचे, असे नाना म्हणाले. भुसावळ ते खांडवा ह्या १३१ किलोमीटरांवर तिसरा व चौथा रूळ घालण्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. काम होईल, गाड्या वाढतील, लोकांची सोय होईल. त्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. “पण कडेची झाडे, जुन्या चौक्या, आमची बसायची जागा, हे त्यात कुठे कुठे जाईल कोण जाणे. आणि मी तरी किती दिवस?” मग थोडे लाजून ते भाच्यास म्हणाले, “माझा एक काढाल का? गाडीबरोबर. हातापुरता नको.”

शेवटच्या संध्याकाळी आम्ही फलाट तिकिटे काढली आणि स्टेशन मास्तरांची परवानगी घेतली. नानांनी कोट घातला, मफलर गुंडाळला. फलाटाच्या टोकास, कडेपासून पुष्कळ आत, ते कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. दिवेलागणीची वेळ होती. भाच्याने झडप सेकंदाच्या पंधराव्या भागावर लावली. म्हणजे नाना स्वच्छ येतील आणि मागून जाणारी मालगाडी, तेवढ्या क्षणात मीटरभर सरकून, नुसती वाहती रेघ होईल. “नाना, हलू नका,” एवढेच त्याने बजावले.

मालगाडी आली. आणि इंजिन फलाटास लागताच नाना गर्रकन वळले. पाठ आमच्याकडे, मान किंचित खाली, नजर चाकांच्या उंचीवर, उजवा हात अर्धा उचललेला. शेवटचा डबा जाईपर्यंत ते तसेच, खांबासारखे उभे होते. जाणाऱ्या गाडीकडे रेल्वेच्या माणसाने पाहावयाचेच असते. कोठे आस तापून धूर निघतो आहे काय, खाली काही लोंबते आहे काय, ठिणग्या उडतात काय. दिसल्यास लाल झेंडी दाखवावयाची. निवृत्त होऊन कितीएक वर्षे लोटली, हातात झेंडी नव्हती, तरी मान वळली.

भाच्याने ते चित्र आम्हांस दाखविले, तेव्हा त्याचा आवाज घोगरा झाला होता. सूर्य नाही, इंजिन नाही, दांडा नाही, तोंडही नाही. सारे व्याकरण धुळीस मिळालेले. पण त्या पाठीत छत्तीस वर्षांची चाल होती. इतके चांगले चित्र आपल्या हातून पूर्वी झाले नाही, असे तो म्हणाला, आणि ते आम्हांसही पटले.

माईंना ते मुळीच पटले नाही. त्यांनी फोन दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि म्हणाल्या, “आख्खा जन्म ह्यांची पाठच पाहिली. पहाटे पाठ, रात्री पाठ. आता भिंतीवर पण पाठच लावू का?” ह्यावर उत्तर नव्हते. भाच्याने निमूटपणे नानांस अंगणात खुर्चीवर बसविले, शेजारी माईंस बसविले, आणि दिव्याच्या उजेडात दोघांचे समोरून चित्र घेतले. माईंनी पदर सावरला. नाना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले.

घरी आल्यावर दोन्ही चित्रे मोठी करून पाठविली. पंधरा दिवसांनी नानांचा फोन आला. दोघांचे चित्र ओसरीवर लागले होते. इंजिनाचे जुने तेथून आत गेले. पाठीचे चित्र त्यांनी आपल्या पेटीत ठेवले होते. ते चांगले आहे, असे त्यांनी भाच्यास दोनदा सांगितले, आणि मग जरा थांबून एक तक्रार केली. चित्रात गाडी फार पुसट आली आहे, चाके काहीच दिसत नाहीत. सातव्या-आठव्या डब्याखाली काहीतरी लोंबत होते असा त्यांना त्या संध्याकाळपासून संशय आहे, आणि ते नीट पाहावयास मिळेल ह्या आशेने त्यांनी भिंग आणवून ठेवले होते.